एकतीस अँपिअर

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बहीण पडली, बाजू घेणारच. माझ्या दादाने मोजलं होतं. दर सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास चौथ्या मजल्यावरचं पॅनेल उघडून, तारेभोवती मीटरचा चिमटा अडकवून त्याने मोजलं होतं, आणि जो आकडा दिसला तोच वहीत लिहिला होता. हे मला आज माहीत आहे. ज्या दिवशी माहीत असायला हवं होतं, त्या दिवशी मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "खरं सांग दादा, मोजलं होतंस का?"

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. एका सात मजली कचेरीत तो सव्वीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. इमारतीतली एकूण एक तार त्याला तोंडपाठ. मी दहावी झाले तेव्हा वडिलांचं म्हणणं होतं, मुलीला टायपिंग पुरे. दादा त्यांच्याशी चार दिवस बोलला नाही आणि पाचव्या दिवशी म्हणाला, "मी तारा ओढतो. तारा ओढणाऱ्यांना जाब विचारणारं घरात कुणीतरी पाहिजे की नाही?" तो हट्टाला पेटला की वडीलही हात टेकायचे. मला डिप्लोमाला घातलं ते त्याने. मीटर-तपासणीच्या प्रयोगशाळेत मी लागले, तेव्हा माझ्यापेक्षा त्याच्याच अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

आमची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत फायली आणि आतल्या खोलीत तपासणीचा बाक. आत तापमान ठरलेलं, धूळ नाही, आवाज नाही. बाकावरच्या यंत्रातून आम्ही मोजून-मापून करंट सोडतो आणि समोरचं मीटर काय दाखवतं ते टिपतो. तो करंट इतका नितळ असतो की मी गमतीने म्हणायचे, आमच्याकडे वीजसुद्धा इस्त्री करून येते. मीटर पास झालं की त्यावर लहानसं लेबल. लेबलावर तारीख आणि सही. गेली बावीस वर्षं ती सही माझी.

दादाचं मीटर दर वर्षी यायचं. पोस्टाने नाही, शिपायाबरोबर नाही. तो स्वतः आणायचा, स्वच्छ फडक्यात गुंडाळून. दाराबाहेरच्या स्टुलावर बसायचा आणि विचारायचा, "काय मीटरबाई, आमचं लेकरू पास का नापास?" पास व्हायचंच. मग तो ते लेबल आपल्या हाताखालच्या माणसांना दाखवत फिरायचा. "ही माझ्या बहिणीची सही. डोळ्यांनी दिसलेलं खोटं ठरेल, ही नाही ठरणार." मला हे कळलं की मी चिडायचे, पण चिडण्यातसुद्धा गोडी होती, खोटं कशाला बोलू?

मग चौथ्या मजल्यावर कॉम्प्युटर आले. एकदम साठ-सत्तर. त्याच महिन्यापासून त्या मजल्याची एमसीबी ट्रिप व्हायला लागली. एमसीबी म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा खटका; तो पडतो म्हणून तार वाचते. हा चाळीस अँपिअरचा होता. दादाने चिमटा लावला. मीटर म्हणालं एकतीस. एकतीसला चाळीसचा खटका पडायचं कारणच नाही. दादाला वाटलं, खटका म्हातारा झाला. नवा बसवला. तासाभरात तोही पडला. तिसरा आणला, तोही पडला.

वर काचेच्या खोलीत एक मॅनेजर बसायचे. पॅनेल कुठल्या भिंतीला आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ते म्हणाले, "तुमचंच मीटर एकतीस म्हणतंय ना? मग मोठा खटका टाका आणि विषय संपवा. दिवसाला चारदा काम बंद पडतंय."

दादाला मोठा खटका टाकायचं जिवावर आलं होतं. त्याने मला फोन केला. मी जेवत होते.

"मीटर पास आहे ना गं नक्की?"

"माझी सही आहे ना त्यावर?"

"आहे की."

"मग झालं तर. मला जेवू दे."

त्याने त्रेसष्टचा खटका बसवला. ट्रिप होणं थांबलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्या जेवणानंतर मी ही गोष्ट विसरूनही गेले.

सात महिन्यांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, चौथ्या मजल्याच्या भिंतीत तारा नेणाऱ्या डक्टमध्ये ती तार पेटली. शेजारी रेकॉर्ड रूम होती, छतापर्यंत कागद. तिथला कारकून आत फाइल शोधत होता. दोन वर्षांनी रिटायर व्हायचा होता, शांत माणूस, दादाबरोबर रोज दुपारी बुद्धिबळाचा एक डाव टाकायचा. दादाने मेन बंद केला, तोंडाला ओलं फडकं बांधून आत शिरला आणि त्याला खांद्यावर टाकून चार जिने उतरला. खाली उतरवेपर्यंत तो गेलेला होता. आगीने नाही, धुराने. तो गेला हे दादाला डॉक्टरांनी सांगावं लागलं, कारण तो खांद्यावरून त्याला सोडायलाच तयार नव्हता.

चौकशी बसली. चौथा मजला जळालेला, म्हणून चौकशीच्या माणसांनी तिसरा मजला मोजला. तितकेच कॉम्प्युटर, तसाच पसारा; फक्त तिथली तार जाड आणि खटका मोठा. त्यांच्या मीटरवर चोपन्न आले. चोपन्न अँपिअर चाळीसच सोसणाऱ्या तारेतून सात महिने धावत होते, मग तार पेटली यात नवल काय? त्यांनी दादाची वही उघडली. एकतीस. एकतीस. बत्तीस. एकतीस. तीस. पानंच्या पानं. चौकशी अधिकारी म्हणाले, हे आकडे मोजलेले नाहीत, खुर्चीत बसून लिहिलेले आहेत. एकदा मोजलं असेल, मग तेच पुढे उतरवत गेला.

दादा म्हणाला, "मी मोजलं होतं."

मग मीटर तपासायला पाठवलं. कुठे? आमच्याकडेच. मी प्रयोगशाळेच्या साहेबांना म्हटलं, मी हात लावणार नाही, तुम्ही तपासा. त्यांनी बाकावरून पन्नास अँपिअर सोडले, मीटरने एकोणपन्नास पूर्णांक आठ दाखवले. तीस सोडले, तीसच दाखवले. मी शेजारी उभी राहून बघत होते. मीटर नापास व्हावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला हात जोडले होते. मीटर चोख होतं. साहेबांनी अहवाल लिहिला आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.

त्याच संध्याकाळी मी दादाकडे गेले. तो पलंगाच्या कडेवर बसला होता. मी खुर्ची ओढली आणि ते विचारलं, जे वर लिहिलं आहे.

"मोजलं होतं गं," तो म्हणाला.

"मीटर बरोबर आहे, दादा. मी स्वतः उभी होते."

"बरोबर आहे?"

"अगदी बरोबर."

वहिनीने पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं. मग तो म्हणाला, "तू म्हणतेस म्हणजे असणार." मला वाटलं, त्याने कबूल केलं. देवाशपथ सांगते, मला त्या क्षणी त्याचा राग आला. त्या कारकुनाची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसलेली मला आठवली आणि मी चपला घालून निघून आले.

पुढच्या सुनावणीत त्याला पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मोजलं नसेल मी. सवयीने लिहिलं असेल. मला आठवतं की मोजलं, पण मीटर बरोबर आहे, त्या अर्थी मला चुकीचं आठवतंय." अधिकाऱ्यांनी तेवढं पहिलं वाक्य उतरवून घेतलं. नोकरी गेली. नोकरीचं त्याने मनाला फारसं लावून घेतलं नाही. जे गेलं ते दुसरंच.

आधी वहिनीच्या लक्षात आलं. दाराला कुलूप लावून तो जिना उतरायचा आणि परत वर यायचा. कुलूप ओढून बघायचा. मग खाली जाऊन तिला विचारायचा, "लावलं ना गं मी?" गॅस बंद केला का, गोळी घेतली का, आंघोळ झाली का. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा तर पाणीसुद्धा फुंकायला लागला. वहिनी पहिले दोन महिने हसून सांगायची, "हो, लावलंत." नंतर नुसतं "हो". शेजारचा पंखा बंद पडला म्हणून कुणी बोलवायला आलं, तर तो म्हणाला, "मला त्यातलं येत नाही." सव्वीस वर्षं तारा ओढलेला माणूस! वहिनी त्या दिवशी मला फोनवर म्हणाली, "तुझ्या दादाला कुणीतरी उचलून नेलंय आणि त्याच्या जागी हे पाहुणे आणून बसवलेत."

असे अकरा महिने गेले.

अकराव्या महिन्यात आमच्याच प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत नवे कॉम्प्युटर आले, आणि त्या खोलीची एमसीबी ट्रिप व्हायला लागली. सोळाची होती. शिपाई कुरकुरायला लागला. मी कपाटातून एक मीटर काढून तारेला लावलं. दादाच्या मीटरच्याच कंपनीचं, त्याच नमुन्याचं. अकरा अँपिअर. मी म्हटलं, खटका म्हातारा झाला असेल. हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा कळलं, हे दादाचे शब्द आहेत.

बाकावर एक नवं, महागातलं मीटर तपासणीला आलेलं होतं. ते आणून त्याच तारेला लावलं. एकोणीस.

एकच तार, एकच क्षण, दोन मीटर. अकरा आणि एकोणीस. मी शिपायाची खुर्ची ओढून तिथेच बसले.

आता मीटरमध्ये काय होतं ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हीही म्हणाल बहीण पडली. घरात येणारी वीज एका दिशेने वाहत नाही. सेकंदाला पन्नास वेळा ती पुढे जाते आणि मागे येते. तिची सरळ सरासरी काढली तर शून्य येईल, कारण जितकी गेली तितकीच आली. पण तार तर तापते. म्हणून खरा आकडा तो, जो तार किती तापणार हे सांगतो. तो काढायला प्रत्येक क्षणाच्या करंटचा वर्ग करावा लागतो, वर्गांची सरासरी घ्यावी लागते आणि मग तिचं वर्गमूळ. हे करणारं मीटर महाग पडतं. स्वस्त मीटर पळवाट काढतं. ते मागे येणारी लाटही पुढची समजून साधी सरासरी घेतं आणि तिला एक पूर्णांक अकराने गुणून आकडा दाखवतं. लाट नितळ, गोल असेल तर उत्तर अगदी बरोबर येतं. आमच्या बाकावर लाट नितळच असते. दिव्याची, इस्त्रीची, हीटरचीही नितळ असते. पण कॉम्प्युटर करंट सारखा घेत नाही. तहानलेला माणूस तांब्या तोंडाला लावून दोन घोटांत रिकामा करतो, तसा तो लाटेच्या टोकाशी दोन घोट घेतो आणि बाकी वेळ गप्प बसतो. अशा वेळी साधी सरासरी लहान येते, पण तार त्या घोटांनी तापतच असते. स्वस्त मीटर निम्म्याच्या जरा वर आकडा दाखवतं. चोपन्नाला एकतीस.

खटका खोटं बोलत नव्हता. खटका तापूनच पडतो; त्याला खरं कळत होतं. तीन खटके ओरडून सांगत होते आणि आम्ही तिघांनाही खोटं ठरवलं.

आणि हे मला माहीत होतं. यावर डिप्लोमाच्या परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न होता. पाचपैकी पाच मिळाले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही. बावीस वर्षं नितळ लाटेसमोर बसून मी विसरले होते की बाहेरची वीज इस्त्री केलेली नसते.

साहेबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही मीटर स्वतः लावून बघितली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आपला अहवाल चूक नाही. त्यांनी विचारलं मीटर बरोबर आहे का. बाकावर ते बरोबरच होतं." मी म्हटलं, "साहेब, माझा भाऊ बाकावर काम करत नव्हता." त्यांनी चष्मा परत चढवला आणि चौकशीच्या कार्यालयाला मी लिहिलेल्या पत्रावर सही केली. ते पत्र कुठल्या फाइलीत झोपलंय, कोण जाणे. उत्तर अजून आलेलं नाही.

मला उत्तराची पडलेलीच नव्हती. मला दादाला सांगायचं होतं.

त्याचं मीटर चौकशीनंतर परत आलं होतं, ते माझ्या कपाटात होतं. मागच्या पाटीवर आत कुठल्या जातीचं सर्किट आहे याचा उल्लेख नव्हता. मला एक टक्काही शंका नको होती. मी ते उघडलं. स्क्रूवरचा लाल रंगाचा ठिपका, जो आम्ही सील म्हणून लावतो, तो फुटला. आत तेच स्वस्त सर्किट होतं. मी मीटर पुन्हा बंद केलं आणि आनंदाने, हो, आनंदानेच, पिशवीत घातलं.

रविवारी सकाळी गेले. बरोबर दादाचं मीटर, ते महागातलं मीटर, प्रयोगशाळेतला एक जुना कॉम्प्युटर आणि एक वायर. घरगुती करंट लहान असतो, म्हणून वायरीतली एक तार मोकळी काढून तिचे दहा वेढे दोन्ही चिमट्यांतून घेतले होते. म्हणजे आकडा दहापट दिसतो. दादाने ते बघितलं आणि म्हणाला, "दहा घेतलेस होय?" अकरा महिन्यांत त्याने विजेबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

आधी इस्त्री लावली. एका मीटरवर त्रेचाळीस, दुसऱ्यावरही त्रेचाळीस. "बघ, दोन्ही सारखी," मी म्हटलं. मग इस्त्री काढून कॉम्प्युटर लावला. महागातल्यावर सहा. दादाच्या मीटरवर तीन पूर्णांक चार.

तो पुढे वाकला. चष्मा वर सरकवला, खाली घेतला. "परत कर," म्हणाला. परत केलं. इस्त्री, सारखी. कॉम्प्युटर, निम्म्याच्या वर. मी भराभर बोलत होते. लाट, घोट, सरासरी, वर्ग. तो ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर जुना दादा हळूहळू येत होता, खोलीतल्या वस्तू अंधाराला डोळे सरावल्यावर दिसायला लागतात तसा. वहिनीने पदर तोंडाला लावला होता.

"म्हणजे मी मोजलं होतं," तो म्हणाला.

"मोजलं होतंस, दादा. दर सोमवारी."

त्याने आपलं मीटर हातात घेतलं. कारागीर वस्तू हातात घेतो तसं पुढून, मागून, कडेने फिरवून बघितलं. आणि त्याचा अंगठा स्क्रूवर थांबला.

"ठिपका फुटलाय."

"मी उघडलं होतं. आतलं सर्किट बघायला."

"उघडलंस?"

"फक्त बघितलं. कशालाही हात लावला नाही."

त्याने मीटर अलगद टेबलावर ठेवलं. माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता; राग असता तर मी भांडले असते. म्हणाला, "सील तुटलेल्या मीटरवर विश्वास ठेवायचा नसतो गं. हे मीच शिकवलंय माझ्या माणसांना. तपासायला आलं तेव्हा बरोबर होतं. तू स्वतः उभी होतीस. मग उघडलं, आणि आता कमी दाखवतंय."

"दादा, मी उद्या दुसरं आणते. याच कंपनीचं, सीलबंद."

"आणशील. तू काहीही आणशील." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी दहावीची मुलगी असल्यासारखा. "किती धडपड केलीस माझ्यासाठी."

"मी खरं सांगतेय!"

"अगं, तो माणूस माझ्या खांद्यावर गेला. ते मी कसंही सोसतोय. पण तुला मी शिकवलं ते खरं मोजायला. माझ्यापायी तू खोटं मोजायला लागलीस, हे मात्र मला नाही गं सोसायचं."

मी ओरडले, रडले, वहिनीच्या पाया पडायची बाकी राहिले. वहिनी त्याला म्हणाली, "अहो, ती खरं बोलतेय, माझा विश्वास आहे." तो तिलाही म्हणाला, "तुझा असणारच." दोघींना त्याने एकाच शब्दात बाजूला केलं, आणि तेही मायेने.

मग त्याने उठून प्लग काढला. खुर्चीत बसून मीटरच्या चिमट्यातली तार सोडवायला लागला, तिला पीळ पडू नये म्हणून एकेक वेढा काढत, प्रत्येक वेढा तोंडाने मोजत. एक, दोन, तीन. बोटं अजूनही तशीच होती, सव्वीस वर्षांची. दहावा वेढा सुटला, तार मोकळी झाली. चिमट्यात काही उरलं नाही, हे तिघांनाही दिसत होतं.

त्याने तार हातात धरली, रिकाम्या चिमट्याकडे बघितलं आणि मान वळवून वहिनीला विचारलं, "दहाच होते ना गं?"